शेजारचं सुतक

ब्रेका हे नाव तुम्ही ऐकलेलं नसणार, आणि त्यात तुमची काही चूक नाही. नॉर्थ डाकोटात, कॅनडाच्या सीमेला नाक लावून बसलेलं सहाशे वस्तीचं गाव. एक चर्च, एक धान्याचं उंच कोठार, एक कॅफे, एक क्लिनिक, आणि बाकी सगळा वारा. शंभर वर्षांपूर्वी आइसलँडहून बोटीनं आलेल्या लोकांनी ते वसवलं. एवढी अवाढव्य अमेरिका पुढ्यात पसरलेली असताना त्यांनी शोधून शोधून जागा काढली तीही बर्फाचीच. जित्याची खोड, दुसरं काय.

या गावात डॉक्टर श्रीरंग ओगले क्लिनिक सांभाळायला आले आणि १९७९ साली त्यांच्यामागून त्यांची बायको वसुधा आली, साताऱ्याची. मराठी माणूस बघायचा तर मिनिआपोलिसपर्यंत सहा तास गाडी हाकायची. पहिल्या हिवाळ्यात तिला कळलं की इथं रात्री गाडीचंसुद्धा प्लग लावून इंजिन गरम ठेवावं लागतं. ती नवऱ्याला म्हणाली, "गाडीची एवढी काळजी घेता, माझं काय?" श्रीरंग हसला आणि क्लिनिकला गेला. तो सकाळी सातला जायचा तो संध्याकाळी सातला यायचा. त्याचा तरी काय दोष? वीस मैलांत दुसरा डॉक्टर नव्हता.

वसुधाची काळजी घेतली ती शेजारच्या गुद्रूननं. सत्तरी उलटलेली, उंच, हाडापेरानं मजबूत बाई. गावातली झाडून सगळी पोरं तिला अम्मा म्हणायची. वसुधाला वाटलं, अरे वा, ही मद्रासकडची हाक इथं कशी पोचली? मग तीही अम्मा म्हणायला लागली, आई या अर्थानं. वर्षभरानं कळलं की आइसलँडच्या भाषेत अम्मा म्हणजे आजी. पण तोवर फार उशीर झाला होता. आई म्हणून मारलेली हाक काय आजी म्हणून परत घेता येते?

रोज दुपारी तीन वाजता अम्माच्या स्वयंपाकघरात कॉफी असायची. पातळ, काळी, कढत. साखरेचा खडा दातांत धरायचा आणि त्यावरून कॉफी ओढून घ्यायची. वसुधाला ते जमायला सहा महिने लागले. सुरुवातीला खडा दुसऱ्याच घोटाला पोटात जायचा आणि अम्माचा नवरा एयनार टेबल बडवत हसायचा. रविवारी चर्च सुटलं की त्याच टेबलाभोवती चौदा-पंधरा माणसं कोंबून बसायची. आत्या, मामा, चुलत्याचे जावई, कुणाचे कोण. बारसं असो, लग्न असो, मयत असो, या गावाचं सगळं शेवटी कॉफीपाशी येऊन थांबायचं. आणि कॉफीबरोबर विनारतेर्ता. सात थरांचा केक, थरांमध्ये शिजवून आटवलेल्या सुक्या आलुबुखाऱ्याचं सारण, आणि त्या सारणात, विश्वास ठेवा अगर नका ठेवू, वेलदोडा. पहिल्यांदा तो वास आला तेव्हा वसुधाच्या डोळ्यांत पाणीच आलं. तेव्हापासून शिकागोला गेली की डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या हिंदुस्थानी दुकानांतून ती अम्मासाठी हिरव्यागार वेलदोड्यांची पिशवी आणायची.

निघताना आपल्यातली कुठलीही बाई 'जाते' म्हणत नाही. वसुधाही पहिल्या दिवशी उठताना म्हणाली, "आय विल कम." झालं. अम्मा बिचारी कॉफीचं भांडं शेगडीवर ठेवून संध्याकाळपर्यंत वाट बघत बसली. दुसऱ्या दिवशी उलगडा झाला तेव्हा दोघी पोट धरून हसल्या. पण अम्माला ती रीत इतकी आवडली की ती चार घरी सांगून आली, आमच्या डॉक्टरची बायको कधी जातच नाही, ती नेहमी येतेच.

हे हसण्याचं झालं. दुसरं सांगायला जीभ उचलत नाही, पण सांगायला हवं.

वसुधाची दोन मुलं पोटातच गेली. पहिलं दोन महिन्यांचं. दुसरं १९८१च्या नोव्हेंबरात, चांगलं पाच महिन्यांचं. हॉस्पिटलमधून घरी आल्यावर ती भिंतीकडे तोंड करून पडली. भारतात पत्र पोचायला बारा दिवस, उत्तर यायला बारा. श्रीरंग आतून पार मोडला होता आणि त्याला पेशंट बघायचे होते. त्या दिवशी तीन वाजता मागचं दार उघडून अम्मा आत आली. हातात कॉफीचा थर्मास. पलंगाशेजारी खुर्ची ओढून बसली आणि विणकाम करत राहिली. एक अक्षर बोलली नाही. 'देवाची मर्जी' नाही, 'पुन्हा होईल' नाही, काही नाही. असे आठ दिवस. पाचव्या दिवशी वसुधानं कूस बदलली आणि त्या म्हातारीच्या मांडीत तोंड खुपसून ती जी रडली, ती घसा बसेपर्यंत रडली. जन्मदात्या आईनं याहून वेगळं काय केलं असतं?

तर १९८२चा हिवाळा लागला आणि वसुधाला पुन्हा दिवस राहिले. या वेळी श्रीरंगनं काही ऐकलं नाही. आपल्या आईला तिकीट पाठवलं आणि जानेवारीच्या मध्याला माई साताऱ्याहून येऊन दाखल झाल्या. विमानातून उतरल्या त्या नऊवारीवर दोन स्वेटर आणि श्रीरंगचा जुना कोट चढवून. तापमान उणे पंचवीस. माईंनी चहूकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "श्रीरंगा, इथं माणसं राहतात?"

माईंना वाईट म्हणू नका हं. सासू म्हटली की आपण लगेच पदर खोचतो. माई वसुधाला उचलून पाणी पिऊ देत नव्हत्या. डिंकाचे लाडू, मुगाची खिचडी, रात्री पायाला तेल. पण त्यांचे नियमही त्यांच्याबरोबर विमानातून आले होते. पहिला नियम, पाचवा लागेपर्यंत कुणाला सांगायचं नाही.

"माई, निदान अम्माला सांगू द्या ना," वसुधा म्हणाली. "मला पोटात ठेववत नाही."

"पोटात ठेवायचं तेच ठेवायचंय ना?" माई म्हणाल्या. "मग बाकीचंही ठेव. अगं, बाई लाखात एक आहे, मला का दिसत नाही? पण जीव लावणाऱ्याचीच दृष्ट आधी लागते. परक्याची नाही लागत. आईचीसुद्धा लागते लेकराला, म्हणून तर आपण आपल्याच पोरावरून मीठमोहरी उतरवतो."

वसुधा एम.ए. झालेली बाई. पण दोनदा दुधानं तोंड पोळलेलं. ती आता ताकच काय, पाणीसुद्धा फुंकून प्यायली असती. रोज तीन वाजता ती अम्माच्या टेबलाशी बसायची, सैल स्वेटरमध्ये, आणि ते सुख ओठांशी येऊन परत जायचं. अम्मा दोनदा म्हणालीही, "चेहऱ्यावर तेज आलंय गं तुझ्या." वसुधानं थंडीवर ढकललं. खोटं बोलताना तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

फेब्रुवारीत, सकाळी दारातला बर्फ ओढता ओढता एयनार खाली बसला तो उठलाच नाही.

बातमी कळताच वसुधा बूट चढवायला लागली. माई दारात आडव्या उभ्या राहिल्या.

"पोटुशी बाई दुःखाच्या घरी जात नाही."

"माई, माझ्या वेळी ती आठ दिवस येऊन बसली होती."

"ती पोटुशी नव्हती," माई म्हणाल्या, आणि त्यांचे डोळे भरून आले. "वसुधा, मी हात जोडते. दोनदा पत्रात वाचलं, आता ते डोळ्यांनी बघायला लावू नकोस."

वसुधानं श्रीरंगकडे पाहिलं. तो डॉक्टर होता. असलं काही नसतं हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? पण त्यानं ते दोन्ही वेळचं रक्त पाहिलं होतं. तो मोज्यांकडे बघत म्हणाला, "तेरा दिवसांचा तर प्रश्न आहे. मी जाऊन येतो ना." शिक्षणाची हीच तर गंमत आहे. ऐन वेळी ते मोज्यांकडे बघतं.

शेवटी तडजोड झाली. चर्चमधल्या प्रार्थनेला वसुधानं जायचं. पण पेटीतलं तोंड बघायचं नाही, तिथं काही खायचं प्यायचं नाही, निघताना 'येते' म्हणायचं नाही, आणि घरी आल्या आल्या डोक्यावरून पाणी. पुढे तेरा दिवस त्या घराची पायरी चढायची नाही. दुःखाच्या घरून आपण बोलून निघत नाही, एवढं वसुधालाही लहानपणापासून ठाऊक होतं. 'येते' म्हणायचं म्हणजे तिथं पुन्हा तसाच प्रसंग बोलवायचा. मुकाट्यानं उठायचं आणि चालू लागायचं. आपल्याकडे घरच्यांनाही ते कळतं.

पण ब्रेकाला ते कसं कळावं?

प्रार्थना झाली. पेटी उघडी होती. सगळं गाव रांगेनं जाऊन एयनारचं शेवटचं दर्शन घेत होतं. वसुधा मागच्या बाकावर मान खाली घालून बसून राहिली. मग सगळे तळघरातल्या हॉलमध्ये उतरले. लांब टेबलं, पांढरे कागद, कॉफीची मोठी भांडी, आणि चर्चच्या बायकांनी केलेले पदार्थ. विनारतेर्ता मात्र अम्मानं स्वतः केली होती. नवरा गेल्यावर दोन दिवस ती सारण आटवत उभी होती, कारण एयनारच्या नावाचा केक दुसऱ्या कुणी करावा हे तिला चालणार नव्हतं. त्यांच्यात तो घास घेणं म्हणजे गेलेल्या माणसाला मान देणं.

अम्मा बशी घेऊन स्वतः वसुधापाशी आली. काळा ड्रेस, डोळे सुजलेले. "तुझा वेलदोडा आहे," ती म्हणाली.

वसुधाचे हात वर आले आणि तसेच थांबले. "नको, अम्मा."

"एवढासा घे. एयनारला बरं वाटेल."

"नको," वसुधा म्हणाली. दुःखाच्या ठिकाणी गोड, आणि तेही पोटातल्या जिवासकट? आजूबाजूच्या बायका वळून बघायला लागल्या होत्या. अम्मा बशी घेऊन वळली. वसुधानं कोट उचलला आणि कुणाशी एक शब्द न बोलता, हात न मिळवता, ती जिना चढून बाहेर पडली. घरी येऊन तिनं डोक्यावरून गरम पाणी घेतलं आणि नळ सोडून त्याच्या आवाजात रडून घेतलं.

मग ते तेरा दिवस.

दोन्ही घरांच्या स्वयंपाकघराच्या खिडक्या समोरासमोर. मध्ये बर्फाचं चाळीस पावलांचं अंगण. श्रीरंग दुसऱ्या दिवशी जाऊन आला. अम्मानं विचारलं, "वसुधा आजारी आहे का?" आता खरं बोलायची चोरी. तो म्हणाला, "नाही नाही, अगदी ठणठणीत आहे." घरी येऊन त्यानं हे सांगितलं तेव्हा वसुधानं कपाळावर हात मारून घेतला. अहो, खोटं बोलायचंच होतं तर आजारी आहे म्हणायला काय झालं होतं? पण डॉक्टर माणूस. खोटं बोलतानाही रिपोर्ट नॉर्मल.

माईंनी पहिल्या दिवशी पिठलं-भात करून श्रीरंगच्या हाती पाठवला. पाचव्या दिवशी डबा धुऊन, पुसून, आभाराच्या चिठ्ठीसकट पायरीवर परत आला. चिठ्ठीवर वसुधाचं नाव नव्हतं, 'मिसेस ओगले यांस' असं लिहिलं होतं.

तीन वाजले की वसुधा खिडकीशी जायची. अम्मा टेबलाशी बसलेली दिसायची, दाराकडे तोंड करून. रविवारचे नातेवाईक येऊन गेले, फार्गोची लेक येऊन गेली, पण एरवी दुपारी ती एकटीच असायची. सातव्या दिवशी अम्मा उठून खिडकीशी आली आणि तिनं हात वर केला. वसुधा झटकन पडद्याआड झाली. का झाली? तेरा दिवस पायरी चढायची नाही असं ठरलं होतं. हात हलवू नये असं कुणी म्हटलं नव्हतं. पण एकदा हात हलवला असता तर ती बर्फातून धावतच गेली असती, हे तिला पक्कं माहीत होतं. दहाव्या दिवशी समोरचा पडदा ओढलेला दिसला, आणि मग तो ओढलेलाच राहिला.

"चौदाव्याला जा," माई म्हणाल्या. त्यांनाही ते बघवत नव्हतं. "गोड घेऊन जा. मीच करून देते."

चौदाव्या दिवशी, बरोबर तीनला, वसुधा शिऱ्याचा डबा घेऊन मागच्या दाराशी उभी राहिली. आजवर ती कधी दार वाजवून आत गेली नव्हती. आज वाजवलं.

अम्मानं दार उघडलं. चौदा दिवसांत ती वाळून गेली होती. "ये," ती म्हणाली, "बाहेर थंडी आहे." तिनं कॉफी ओतली. आवाजात राग नव्हता आणि दुसरंही काही नव्हतं.

वसुधानं कपाला हात लावला नाही. तिनं इंग्लिशमध्ये, अडखळत, सगळं सांगून टाकलं. आमच्यात दुःखाच्या घरी गोड खात नाहीत. निघताना 'येते' म्हणत नाहीत, कारण ते अशुभ. आणि ज्या बाईच्या पोटात मूल असतं, तिनं तेरा दिवस... "अम्मा, मला चौथा महिना आहे."

काय सांगू तुम्हाला? त्या म्हातारीचा चेहरा दिवा लागावा तसा उजळला. ती खुर्चीवरून उठली, वसुधाचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि तिच्या कपाळावर ओठ टेकले.

"वेडी मुलगी," ती म्हणाली. रडत होती आणि हसत होती. "अगं, मला सांगितलं असतंस तर मीच दाराला कडी घातली असती. म्हटलं असतं, खबरदार बर्फातून इकडे आलीस तर. मी इथं बसून तुझ्या बाळाचे दिवस मोजले असते. मी काय मोजत होते माहीत आहे? तुला मी काय केलं ते. रोज एक एक गोष्ट आठवत होते."

"मला माफ करा, अम्मा."

"माफ कसलं? आता झालं ते." तिनं एप्रननं डोळे पुसले, कपाटातून केक काढला, सुरी घेतली. वसुधाच्या छातीवरचा दगड उतरला. चौदा दिवसांनी पहिल्यांदा तिला भूक लागली. अम्मा काप काढता काढता सहज म्हणाली, "पण मला का नाही सांगितलंस? तू मला सगळं सांगतेस."

हा प्रश्न येणार हे वसुधाच्या ध्यानातच आलं नव्हतं. बाकी सगळी उत्तरं तिनं चाळीस पावलांत पाठ केली होती. याचं केलं नव्हतं. मन इतकं हलकं झालं होतं की तिनं विचार न करता खरं तेच सांगितलं. "माई म्हणाल्या, सांगू नकोस. आमच्यात दृष्ट म्हणून असतं ना..." आणि शब्द शोधत ती म्हणाली, "इव्हिल आय."

बोलून गेली, आणि मग स्वतःचं बोलणं तिच्या कानांवर पडलं.

अम्माच्या हातातली सुरी थांबली. "माझी?"

"नाही, नाही. तसं नाही," वसुधा म्हणाली. दृष्टीत पाप नसतं, हो. दृष्ट आईचीसुद्धा लागते. जीव लावणाऱ्याचीच लागते. पण इंग्लिश शब्दात तो 'इव्हिल' आधीच येऊन बसला होता. त्याला उठवून तिथं प्रेम कसं बसवायचं? ती बोलायला गेली, "जे फार प्रेम करतात त्यांचीच इव्हिल आय..." आणि ते इतकं वेड्यासारखं ऐकू आलं की वाक्य अर्धंच राहिलं.

"माझी नजर लागून बाळाला काही होईल, असं वाटलं तुला," अम्मा म्हणाली. विचारलं नाही, नुसतं म्हणाली.

वसुधाला नाही म्हणायचं होतं. पण दीड महिना रोज या टेबलाशी बसून आपण तोंड मिटून घेतलं होतं, ते कशाच्या भीतीनं? तिनं मान खाली घातली.

"कळलं," अम्मा म्हणाली. "तुझी दोन गेली आहेत. कळतं मला."

तिनं बशी वसुधापुढे सरकवली. खा म्हणाली. पाय गरम ठेव, बर्फ ओढायला जाऊ नकोस, दूध पी, म्हणाली. शिऱ्याचा डबा उघडला, वास घेतला, माईंना आभार सांग म्हणाली. सगळं मायेनं, नेहमीच्याच आवाजात. फक्त तिनं आपले डोळे खाली नेले होते. ती टेबलाकडे बघून बोलत होती, कपाकडे बघून बोलत होती. वसुधानं तिचा हात धरला, "अम्मा, माझ्याकडे बघा ना," म्हणाली, तेव्हा तिनं दुसऱ्या हातानं तो हात थोपटला. राग असता तर वसुधा पाया पडली असती. पण तो राग नव्हता. बाळाला काही होऊ नये म्हणून ती म्हातारी जपत होती.

वसुधानं केक संपवला, कॉफी संपवली, कोट घातला. अम्मा तिला दारापर्यंत पोचवायला आली, पायरीवर बर्फ आहे, सांभाळून उतर, म्हणाली, आणि ती उतरून अंगण ओलांडेपर्यंत दारात उभी राहिली, पायरीकडे बघत.